दोष नेमका कुठे असतो? एका विकराच्या शोधाची कहाणी



आजचा विषय वैद्यकातला आहे आणि मी वैद्य नव्हे. उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. तेव्हा व्याख्यान संपल्यावर कृपा करून मला रिपोर्ट दाखवायला आणू नका. (हशा)

माझं कुतूहल जरा वेगळं आहे. समजा, एक माणूस आहे. धडधाकट. शेतात राबतो, चवीनं जेवतो, नातवंडं खेळवतो. कधीतरी त्याचं रक्त तपासलं जातं आणि कागदावर लिहून येतं, 'जी-सिक्स-पीडी डेफिशियंट'. काल हा माणूस निरोगी होता, आज कागदाच्या हिशेबानं त्याच्यात कमतरता आहे. रात्रीतून त्याच्यात काहीच बदललेलं नाही. मग ह्याला रोगी म्हणायचं का? आणि त्याच्यात दोष आहे असं म्हणताना तो दोष कुठे आहे असं आपल्याला म्हणायचं असतं? जगात अशी सुमारे चाळीस कोटी माणसं आहेत. त्यातल्या बहुतेकांना हे ठाऊकही नसतं आणि ठाऊक नसल्यामुळे त्यांचं जन्मभर काही अडतही नाही. पण ज्यांचं अडतं, त्यांच्या जिवावर बेततं.

गेल्या शंभर वर्षांत वैद्यकानं ह्या दोषाचा पत्ता पुन्हापुन्हा बदलला. आधी तो औषधात आहे म्हणाले, मग वंशात, मग पेशीत, मग विकरात, मग जनुकात. ह्या पत्ता बदलण्याची कथा मला तुम्हाला सांगायची आहे, कारण पत्ता बदलला की जबाबदारीही बदलते.

आधी थोडं शास्त्र समजून घेऊ. जी-सिक्स-पीडी म्हणजे ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डीहायड्रोजनेज. नाव लांबलचक, काम समजायला सोपं. हे एक विकर आहे, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो. १९३१ साली बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग आणि त्यांचे सहकारी ह्यांना ते सापडलं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत ते असतं. पण त्याच्यावाचून सर्वांत जास्त अडतं ते रक्तातल्या तांबड्या पेशीचं.

तांबडी पेशी ही मोठी विलक्षण चीज आहे, बरं का. तयार होता होता ती स्वतःचं केंद्रक टाकून देते. ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका टाकून देते. घरातलं सगळं सामान बाहेर काढून जागा करते, तिथे हिमोग्लोबिन ठासून भरते आणि १२० दिवस अंगभर हिंडत राहते. केंद्रकच नाही, म्हणजे नवं विकर बनवायची सोय नाही. निघताना जी शिदोरी बांधून घेतली तिच्यावरच सगळा प्रवास करायचा. आणि वाहायचं काय, तर प्राणवायू, ज्यानं लोखंडसुद्धा गंजतं! तेव्हा गंजण्यापासून स्वतःचा बचाव हे तिचं रोजचं काम असतं. ते काम ग्लुटाथायोन नावाचा एक रेणू करतो. तो वापरला की खर्ची पडतो आणि त्याला पुन्हा ताजातवाना करायला एनएडीपीएच नावाची रसद लागते. ही रसद बनवण्याचे इतर पेशींकडे आणखीही मार्ग आहेत. तांबड्या पेशीकडे एकच मार्ग आहे आणि त्या वाटेच्या पहिल्याच नाक्यावर आपलं हे विकर उभं आहे.

आता हे विकर कमी असलं तर काय होतं? एरवी काहीच होत नाही. मध्यमवर्गीय घरासारखं आहे हे. पगारात महिना भागतो, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण अचानक घरात मोठं आजारपण आलं किंवा लग्नकार्य निघालं की शिल्लक नाही हे कळतं. तसंच, एखादं विशिष्ट औषध, एखादा जंतुसंसर्ग किंवा एक विशिष्ट शेंग पोटात गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो, रसद पुरत नाही, हिमोग्लोबिनच्या गुठळ्या होतात आणि पेशी फुटायला लागतात. लघवी चहाच्या, कधी कोकाकोलाच्या रंगाची होते. डोळे पिवळे होतात, कंबर दुखते, माणूस पांढराफटक पडतो.

त्या शेंगेवरून आमच्या क्षेत्रातला एक थोर माणूस आठवतो, पायथागोरस. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला. दक्षिण इटलीतल्या क्रोटोन गावी त्यानं आपला पंथ वसवला आणि शिष्यांना एक नियम घालून दिला, फावा शेंगेला शिवायचं नाही. उत्तर हिंदुस्थानात ह्या शेंगेला बाकला म्हणतात. आपला पावटा किंवा वाल तो हा नव्हे. ती वनस्पती वेगळी, तेव्हा डाळिंबीच्या उसळीला घाबरू नका. एका आख्यायिकेप्रमाणे शत्रू पाठीवर असताना समोर ह्याच शेंगांचं शेत आलं. पायथागोरसानं शेतात पाऊल टाकायचं नाकारलं आणि तो तिथेच मारला गेला.

आता गंमत अशी, की सार्डिनिया, सिसिली आणि दक्षिण इटली हा ह्या विकाराचा जुना प्रदेश आहे. ही शेंग खाऊन तिथे माणसं आजारी पडतात आणि त्या आजाराला फॅविझम असं नाव आहे. त्यामुळे, पायथागोरसाला हा आजार माहीत होता, कदाचित त्याला स्वतःलाच तो होता, असं अनेक वैद्यकीय लेखांत मोठ्या उत्साहानं लिहिलेलं असतं. मला हे पटत नाही. प्राचीन लेखकांनी ह्या बंदीची कारणं दिलेली आहेत. ॲरिस्टॉटलच्या नावावर तर त्यांची यादीच आहे. शेंगेचा आकार गुप्तेंद्रियासारखा आहे, तिच्या देठाला पेरं नसल्यानं ती पाताळाच्या दारासारखी आहे, शिवाय तिच्या दाण्यांनी सोडत काढून अधिकारी निवडत असत. आणि हे सगळं असूनही, शेंग खाऊन कुणाला कावीळ झाली, लघवी लाल झाली, असं एकही प्राचीन लेखक सांगत नाही. जुन्या माणसांना आपलं आजचं ज्ञान चिकटवायचा मोह सगळ्याच संस्कृतींत असतो. आपल्याकडे तर विचारूच नका. चरकसंहितेत सात्म्य आणि असात्म्य असा सुंदर विचार आहे. एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही, हे त्यात स्पष्टपणे धरलेलं आहे. तो विचार म्हणून मोठाच आहे. म्हणून चरकाला हे विकर माहीत होतं असं काही म्हणता येत नाही.

तर ही कथा खरोखर सुरू होते ती हिवतापाच्या औषधापासून. हिवतापाचे दोन मुख्य प्रकार आपल्याकडे दिसतात. त्यातल्या व्हायव्हॅक्स ह्या प्रकाराची खोड अशी, की ताप उतरला तरी त्याचे परजीवी यकृतात दडून बसतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. क्विनीनला ते दाद देत नाहीत. १९२० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीत बायरच्या रसायनशास्त्रज्ञांनी पामाक्वीन बनवलं आणि ह्या दडलेल्या परजीवींवर पहिल्यांदा काही उपाय सापडला. पण १९२६ मध्येच मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांवरून तक्रारी यायला लागल्या. हे औषध घेऊन काही मजुरांचं रक्त फुटत होतं. पुढे हिंदुस्थानी सैनिकांतही हा प्रकार दिसला. निष्कर्ष सरळ होता, औषध विषारी आहे. दोषाचा पहिला पत्ता हा.

पण मग सगळ्यांनाच का होत नाही? शंभरातल्या नव्वदांना तेच औषध, तेवढ्याच मात्रेत, बिनदिक्कत पचतं. ह्या प्रश्नाचं उत्तर जिथे सापडलं ते ठिकाण प्रयोगशाळा नव्हतं. तो एक तुरुंग होता.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोजवळ, स्टेटव्हिल नावाचा तुरुंग होता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर अमेरिकी सैन्य हिवतापानं बेजार झालं होतं. तेव्हा १९४४ पासून शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर आल्फ आल्व्हिंग ह्यांच्या देखरेखीखाली ह्या तुरुंगात प्रयोग सुरू झाले. शेकडो कैद्यांना मुद्दाम डास चावू दिले, हिवताप होऊ दिला आणि मग त्यांच्यावर नवी औषधं वापरून पाहिली. कैद्यांनी संमतिपत्रावर सही केली होती. थोडे पैसे मिळत होते आणि शिक्षेत सवलत मिळेल अशी आशा होती. १९४५ च्या जूनमध्ये 'लाइफ' मासिकानं ह्याचा सचित्र लेख छापला, देशकार्य म्हणून, कौतुकानं.

आणि पुढच्याच वर्षी न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवरचा खटला उभा राहिला. छळछावण्यांतल्या कैद्यांवर त्यांनी केलेले अमानुष प्रयोग हा आरोप होता. बचावाचे वकील उठले आणि त्यांनी स्टेटव्हिलचा दाखला पुढे केला. तुम्ही तरी काय वेगळं करता, कैद्यांनाच हिवताप देता ना? फिर्यादी पक्षाच्या वतीनं अँड्र्यू आयव्ही नावाचे अमेरिकी वैद्यक-तज्ज्ञ साक्षीला होते. त्यांनी सांगितलं, की इलिनॉयच्या गव्हर्नरनं ह्या प्रश्नावर समिती नेमली आहे आणि आमचे प्रयोग नीतीला धरून आहेत. समिती कागदावर होती खरी. पण त्यांनी साक्ष दिली त्या वेळेपर्यंत तिची एकही बैठक झालेली नव्हती, हे इतिहासकारांनी नंतर उघड केलं.

आता दोन्हींची बरोबरी करायची का? मुळीच नाही. छावण्यांत माणसं मारण्यात आली, त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. स्टेटव्हिलमध्ये विचारलं गेलं, नकार देता येत होता आणि बाहेर पडण्याची मुभा होती. हा फरक लहान नाही. पण ज्याच्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे, त्यानं दिलेली संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. मी वर्गात हे उदाहरण अनेक वर्षं देत आलो. विद्यार्थ्यांना मी विचारायचो, "तुम्ही सही केली असती का?" बहुतेक हात वर व्हायचे. "आणि घेतली असती का?" तेव्हा मात्र वर्ग गप्प व्हायचा.

ह्याच तुरुंगात पामाक्वीनहून बरं असं प्रायमाक्वीन पारखलं गेलं. १९५२ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि कोरियाच्या युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना बोटीवरच ते रोज दिलं जाऊ लागलं. रोज पंधरा मिलिग्रॅम, चौदा दिवस. आणि पुन्हा तेच दिसलं. मात्रा वाढवली की कृष्णवर्णीय सैनिकांपैकी साधारण दहांतल्या एकाचं रक्त फुटे. गोऱ्यांत सहसा तसं होत नसे. इथे दोषाचा दुसरा पत्ता आला, वंश. त्या काळचे शोधनिबंध काढून बघा, हा निग्रो वंशाचा गुण आहे, असा सूर त्यांत सहज सापडतो. म्हणजे बघा, दहांतल्या नऊ कृष्णवर्णीयांना काहीच होत नाही, तरी वर्णन सगळ्यांचं.

हा पत्ता खोडला तो एका देखण्या प्रयोगानं. १९५४ साली आल्व्हिंग ह्यांच्या चमूतल्या रेमंड डर्न आणि सहकाऱ्यांनी असं केलं, की ज्याला प्रायमाक्वीन बाधतं अशा माणसाच्या तांबड्या पेशी काढल्या, त्यांना किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि त्या न बाधणाऱ्या माणसाच्या अंगात सोडल्या. मग त्या दुसऱ्याला औषध दिलं. त्याच्या स्वतःच्या पेशी शाबूत राहिल्या, पाहुण्या पेशी मात्र फुटल्या. मग उलट करून पाहिलं. न बाधणाऱ्याच्या पेशी बाधणाऱ्याच्या अंगात सोडल्या, तर त्या सुखरूप राहिल्या. म्हणजे दोष यकृतात नाही, मूत्रपिंडात नाही, संबंध माणसात नाही आणि वंशात तर नाहीच. तो पेशीत आहे. दोषाचा तिसरा पत्ता.

ह्या चमूत एक तरुण डॉक्टर होता, अर्न्स्ट बॉयटलर. बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला आणि १९३५ च्या सुमारास आईवडिलांबरोबर नाझींपासून पळून अमेरिकेत आलेला. सैन्यात भरती झाल्यावर त्याची नेमणूक ह्या तुरुंगातल्या प्रकल्पावर झाली. ज्या राजवटीच्या डॉक्टरांनी आपल्या बचावासाठी ह्या तुरुंगाकडे बोट दाखवलं, त्याच राजवटीतून निसटलेला मुलगा तिथे काम करत होता. इतिहासाला अशा योगायोगांचं वावडं नसतं. त्याच्या मनात काय चाललं असेल ह्याबद्दल मी तर्क करणार नाही. त्यानं दाखवलं ते एवढं, की बाधणाऱ्या पेशींत ग्लुटाथायोन टिकत नाही. त्यानं त्याची साधी चाचणीही बसवली. आणि १९५६ मध्ये पॉल कार्सन, आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. त्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर फार कमी आहे, एवढंच त्याचं सार. पंचवीस वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये सापडलेलं विकर शिकागोच्या तुरुंगात ओळखू आलं. चौथा पत्ता.

ते कैदी कोण होते? त्यांची नावं निबंधांत नाहीत, असायचीही नाहीत. ज्यांच्या रक्तावर औषधशास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली ती माणसं ह्या इतिहासात आद्याक्षरांपुरती आहेत. स्टेटव्हिलचे प्रयोग पुढे १९७० च्या दशकापर्यंत चालू राहिले.

मग सगळे धागे भराभर जुळले. १९५७-५८ च्या सुमारास इटलीत आणि इस्रायलमध्ये लक्षात आलं, की शेंग खाऊन आजारी पडणाऱ्यांतही हेच विकर कमी आहे. शेंगेतले व्हायसिन आणि कॉन्व्हायसिन हे घटक पोटात गेल्यावर जे करतात तेच प्रायमाक्वीन करतं. लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड ह्यांनी १९०२ मध्येच म्हटलं होतं, की चेहऱ्यांसारखी माणसांची रसायनंही वेगवेगळी असतात. त्यांनी त्याला रासायनिक व्यक्तिमत्त्व असं सुंदर नाव दिलं होतं. पन्नास वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आता १९५७ मध्ये आर्नो मोटुल्स्की ह्यांनी मांडलं, की औषध कुणाला मानवेल हे आनुवंशिकतेवरही ठरतं. हे मोटुल्स्कीसुद्धा निर्वासितच. १९३९ मध्ये ज्यू निर्वासितांनी भरलेलं 'सेंट लुई' जहाज क्यूबाच्या किनाऱ्यावरून परत पाठवलं गेलं, त्या जहाजावर हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता.

आता मला आवडणारा भाग. ह्या विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून एक प्रत बिघडलेली असली की विकर कमी. बाईकडे दोन एक्स. एक प्रत चांगली, एक बिघडलेली असेल तर? १९६१ मध्ये इंग्लंडच्या मेरी लायन ह्यांनी उंदरांवरून मांडलं, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एकच एक्स जागा असतो, दुसरा निजवलेला असतो. पुढच्याच वर्षी बॉयटलर ह्यांनी अशा स्त्रियांच्या रक्तात हेच दाखवून दिलं. त्यांच्या सगळ्या पेशी निम्म्या दुबळ्या नव्हत्या, तर काही पेशी पूर्ण सशक्त आणि काही पूर्ण दुबळ्या होत्या. गोधडीसारखं, एक तुकडा ह्या रंगाचा, एक त्या रंगाचा. अशा बाईला निरोगी म्हणाल की रोगी? अंगात दोन्ही नांदताहेत.

ह्याच गोधडीनं आणखी एक मोठा प्रश्न सोडवायला मदत केली. विकर कमी असणं इतकं घातक असेल, तर हे जनुक चाळीस कोटी माणसांत टिकलं कसं? जे. बी. एस. हाल्डेन हे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून आपल्याकडे आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. थॅलसिमियासारखे रक्तदोष हिवतापाविरुद्ध ढालीसारखे उपयोगी पडत असावेत, म्हणून ते हिवतापाच्या मुलखात टिकले, अशी कल्पना त्यांनी १९४९ मध्येच मांडली होती. ह्या विकराच्या बाबतीतही नकाशे ठेवून पाहिले, तर जिथे हिवताप तिथे कमतरता. पण नकाशा म्हणजे पुरावा नव्हे. १९६९ मध्ये लुचिओ लुत्सात्तो आणि सहकाऱ्यांनी नायजेरियातल्या इबादान इथे गोधडी-रक्ताच्या स्त्रियांना हिवताप झालेला असताना त्यांचं रक्त पाहिलं. एकाच शरीरात, एकाच तापात, परजीवी सशक्त पेशींत जास्त आणि दुबळ्या पेशींत कमी होते! तपशिलाबद्दल आजही वाद आहेत. कुणाला किती संरक्षण मिळतं, स्त्रियांना जास्त की पुरुषांना, हे चाललेलंच आहे. पण गाभा टिकला आहे. म्हणजे जो दोष आपण शोधत होतो तो विशिष्ट मुलखात गुण होता. पेशी तीच, मुलूख बदलला, नाव बदललं.

आपल्या घराजवळचा एक किस्साही सांगतो. मुंबईत १९६० च्या दशकापासून ह्या विषयावर काम होत आलं. पारशी समाजात हे प्रमाण बरंच जास्त आहे, हे तेव्हाच दिसलं. जनुक वाचण्याचं तंत्र येण्यापूर्वी विकराच्या वागण्यावरून त्याचे प्रकार ठरवत. विजेच्या क्षेत्रात किती वेगानं धावतं, उष्णता किती सोसतं, असं सगळं. जिथे नवा प्रकार सापडेल त्या गावाचं नाव त्याला द्यायचं. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात नवा प्रकार सापडला, त्याला नाव मिळालं जी-सिक्स-पीडी कल्याण. आपल्या लोकलच्या स्टेशनाचं नाव जगाच्या वैद्यकात गेलं! तिकडे आणखी एका प्रकाराला केरळ असं नाव होतं. दोघांचं वागणं वेगळं मोजलं गेलं, दोघांची नोंद वेगळी झाली. जनुक १९८६ मध्ये वाचून झालं आणि १९९२ मध्ये कळलं, की दोन्हींत चूक एकच आहे. ५१५ दुव्यांच्या साखळीत ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. आता त्याला केरळ-कल्याण म्हणतात. वस्तू एक, नावं दोन. न्यायशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण मी आवर्जून वापरायचो. भारतात भूमध्यसागरी, केरळ-कल्याण आणि ओरिसा हे तीन प्रकार मुख्यतः आढळतात. एकूण दोनशेहून अधिक बदल आज माहीत आहेत. आणि प्रत्येकाची तीव्रता वेगळी. आफ्रिकी प्रकारात जुन्या पेशी फुटतात, नव्या तग धरतात, म्हणून रक्तस्थिती आपोआप सावरते. भूमध्यसागरी प्रकारात नव्या पेशीही दुबळ्या असतात, तिथे सावरायला वाव कमी. मोजक्याच काही प्रकारांत तर काहीही न खाता-पिता बारमाही पंडुरोग असतो. म्हणजे पाचवा पत्ता, जनुक, हाही एकच एक नाही.

बौद्ध दर्शनात नागार्जुन म्हणतो, की कुठलीच वस्तू स्वभावानं, म्हणजे स्वतःच्याच बळावर, अशी किंवा तशी नसते, ती परस्परसंबंधात तशी ठरते. मी त्याला जनुकशास्त्रज्ञ ठरवत नाही, मघाशी मीच त्याबद्दल बोललो. पण हा रोग समजायला ती भाषा फार उपयोगी आहे. इथे दोष औषधात नाही आणि माणसातही नाही. दोघांची गाठ पडते तेव्हा तो जन्माला येतो. आणि गाठ घालून देणारा कुणीतरी असतो. डॉक्टर असतो, सरकार असतं, घरचं माणूस असतं.

घरचं माणूस का म्हणालो ते ऐका. नवजात बाळाला कावीळ होते, ती बहुधा साधी असते. पण हे विकर कमी असलेल्या बाळात ती झपाट्यानं वाढू शकते, मेंदूपर्यंत पोहोचू शकते आणि मग कायमचं बहिरेपण किंवा अपंगत्व येतं. ह्यात भर घालते आपल्या कपाटातली डांबरगोळी. तिच्यातलं नॅफ्थलीन नेमकं हेच रक्त फोडतं. आजीनं हौसेनं जपून ठेवलेली झबली, दुपटी, गोधडी गोळ्यांच्या वासासकट बाळाला गुंडाळली जाते. त्यात कुणाची माया कमी नसते, माहिती नसते एवढंच. कपडे धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात टाकून मग वापरावेत. आणि खरं तर बाळाच्या खोलीत ह्या गोळ्या ठेवूच नयेत. सिंगापूरनं १९६५ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या नाळेचं रक्त ह्या विकरासाठी तपासायला सुरुवात केली आणि मेंदूला इजा करणारी कावीळ तिथे जवळपास हद्दपार झाली. आपल्याकडे काही रुग्णालयांत ही चाचणी होते, सरसकट होत नाही.

आणि प्रायमाक्वीन? ते आजही आहे. व्हायव्हॅक्स हिवतापाला आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चौदा दिवस तेच देतात. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला देत नाहीत, विकर कमी असेल त्याला देत नाहीत. पण कमी आहे हे कळायला चाचणी हवी आणि पाड्यावरच्या आरोग्यसेविकेच्या पिशवीत ती बहुधा नसते. २०१८ मध्ये अमेरिकेत टॅफेनोक्वीनला मान्यता मिळाली. चौदा दिवसांऐवजी एकच मात्रा. सोय मोठी, पण धोकाही त्यातच. प्रायमाक्वीननं त्रास झाला तर तिसऱ्या दिवशी गोळ्या थांबवता येतात, हे औषध एकदा पोटात गेलं की कित्येक आठवडे रक्तात राहतं, परत घेता येत नाही. म्हणून ते देण्याआधी विकर मोजणं बंधनकारक आहे. म्हणजे चाचणी नसेल तिथे हे औषध नाही आणि चाचणी नसते ती नेमकी जिथे हिवताप जास्त, तिथे.

तोवर आपल्या मार्गदर्शक सूचनांत एक साधी गोष्ट लिहिलेली आहे. प्रायमाक्वीन देताना रोग्याला सांगायचं, की लघवी काळपट झाली, डोळे पिवळे झाले, ओठ निळे पडले, तर गोळ्या बंद कर आणि लगेच दवाखान्यात ये. हे सांगायला मिनिटभर लागतं. कोरकूत, गोंडीत, माडियात, ज्याची जी भाषा असेल तिच्यात ते सांगायला हवं. ते सांगितलं जातं का, एवढंच विचारायचं राहतं. तुमच्यापैकी कुणी आरोग्य खात्यात काम केलं असेल तर त्यांनी बोलावं, मला ऐकायचं आहे. माइक त्या बाजूला द्या.